दोघांनी वायनरीत जायचं ठरलंय? नाशिकची टेस्टिंग रूम, महिना निवडण्यापासून बाटली घरी आणेपर्यंत

टेस्टिंग रूममध्ये सात-आठ जणांचा घोळका गेला की पार्टी होते आणि वाइन मागे पडते. एकट्याने गेलं तर उगाच अभ्यासाला बसल्यासारखं वाटतं. दोघांनी जाण्याची मजा वेगळी. समोर वाइन एकच, जिभा दोन, आणि एकमत झालंच पाहिजे अशी सक्ती नाही. तिला जी ताजी वाटते ती त्याला आंबट लागते, त्याला जी भारदस्त वाटते ती तिला नुसती तुरट लागते. असं का लागतंय यावर दोन मिनिटं वाद घातला की त्या वाइनबद्दल बरंच कळून जातं. खालची सगळी खटपट त्या वादापुरती जीभ, वेळ आणि डोकं शाबूत राहावं म्हणून आहे.

उदाहरणं नाशिकची घेतली आहेत. सुला या इथल्या वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं, २००५ मध्ये सुलाने पाहुण्यांसाठी टेस्टिंग रूम उघडली आणि २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं. आता या परिसरात गेलात तर निवडीला भरपूर वाव आहे, आणि म्हणूनच थोडं ठरवून गेलेलं बरं.

महिना: घड बघायचे की गर्दी टाळायची?

वायनरी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे घडांनी लगडलेली वेल येते. जुलैत जाऊन ती शोधाल तर हिरमोड होईल. युरोपात द्राक्षं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. आपल्या बागांची वर्षातून दोनदा छाटणी होते. माल निघाला की एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तिच्यानंतर नव्या काड्या वाढतात आणि पुढच्या हंगामाचे घड त्या काड्यांच्या डोळ्यांत (जिथून कोंब फुटतो तिथे) आतल्या आत तयार होतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि तिथून चार-पाच महिन्यांत माल तोडणीला येतो. थोडक्यात, खरड छाटणीनंतर काही दिवस बाग बोडकी दिसते, पावसाळ्यात हिरवीगार पण बिनघडाची, आणि दिवाळीनंतर घड दिसू लागतात.

जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ बघण्यासारखा. क्रेटमधून द्राक्षं येत असतात, ती चिरडणारा क्रशर चालू असतो, आवारभर आंबूस-गोड वास असतो. नेमकी तेव्हाच मुंबई-पुण्याची गर्दीही लोटते. म्हणून या दिवसांत शनिवार-रविवार टाळून मधला वार पकडा. रजा टाकावी लागली तरी टाका. शनिवारी दुपारी तुम्हाला वाइन ओतणाऱ्या मुलाकडे तुमच्यासाठी तीन मिनिटं असतात, बुधवारी तो वीस मिनिटं बोलतो.

पावसाळ्यात जाणार असाल तर घडांची आशा सोडा आणि इगतपुरीच्या बाजूची वायनरी धरा. धुकं, भरलेली धरणं आणि मोकळी टेबलं हे तिघं एकत्र मिळतात. वाइन काही ऋतूप्रमाणे बदलत नाही, ती टाकीत आणि बाटलीत असतेच.

ड्राय डे: कॅलेंडर आधी उघडा

ही पायरी लोक हमखास विसरतात. २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी म्हणजे नाशिकच्या हंगामातला सोयीचा आठवडा, आणि त्या दिवशी ड्राय डे. ३० जानेवारीला पुन्हा तेच. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी आणि कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी, मतदानाच्या आधीचे आणि मोजणीचे दिवस हेही धरा. यादीत सरकार अधूनमधून बदल करतं, तेव्हा निघण्यापूर्वी वायनरीला फोन करून सरळ विचारा: ‘त्या दिवशी टेस्टिंग आहे का?’ बाग बघायला मिळेल, जेवण मिळेल, पण ग्लास मिळणार नाही, असं तिथे पोचल्यावर कळलं तर दोघांमधला वाद वाइनबद्दल राहणार नाही.

दोघांचीही ओळखपत्रं जवळ ठेवा. वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत.

कुठे जायचं

एका दिवसात एक वायनरी. फार तर दोन. ‘आलोच आहोत तर चार करू’ हा आपला तीर्थयात्रेचा हिशोब इथे चालत नाही. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत जीभ बधिर झालेली असते आणि सगळ्या लाल वाइन सारख्याच लागायला लागतात.

पहिल्यांदाच जात असाल तर गंगापूर रस्त्याची बाजू सोयीची. शहरापासून जवळ आहे, आणि सुला, यॉर्क, सोमा अशा तीन वायनरी एकमेकींपासून फार लांब नाहीत. सुला मोठी आणि गजबजलेली. वायनरी दाखवायच्या फेरीचं नियोजन चोख असतं, पण निवांतपणा शोधाल तर तो मधल्या वारीच मिळेल. यॉर्क आकाराने लहान, गंगापूर धरणाच्या पाण्याकडे तोंड करून. तिथे संध्याकाळी बसायला छान वाटतं. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या: २०२१ मध्ये यॉर्क सुलाने विकत घेतली. लेबलं वेगळी असली तरी ‘दोन वेगळ्या घरांची वाइन चाखायची’ हा हेतू असेल तर जोडी सुला-सोमा किंवा यॉर्क-सोमा अशी लावलेली बरी.

इगतपुरी तालुक्यातली बाजू वेगळी आहे. कावनईजवळ व्हॅलोने आहे, लहान प्रमाणावर आणि फ्रेंच धाटणीच्या वाइन करणारी. सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा आहे. मुंबईहून गाडीने येणाऱ्यांना नाशिक शहरात शिरायचीही गरज पडत नाही. मला विचाराल तर ज्या जोडप्याला सेल्फीपेक्षा शांतता हवी आहे त्यांनी सरळ इकडेच जावं. इथे फोन करून वेळ घेऊन जा, न सांगता धडकू नका. फेसाळणाऱ्या वाइनची खास आवड असेल तर दिंडोरीला शांदोंची वायनरी आहे, तिथेही भेटीचं आधी ठरवून घ्यावं लागतं.

पुणे-सोलापूरकडच्या मंडळींना नाशिकच गाठायला हवं असं नाही. अकलूजजवळ फ्रातेल्ली आहे. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन कुटुंबांतल्या भावांनी मिळून उभी केलेली. ऊसपट्ट्यात सांजोव्हेसे हे इटलीतल्या टस्कनीचं द्राक्ष बघायला मिळणं ही गंमत तिथलीच. मात्र ती एका दुपारची सहल नव्हे, मुक्कामाची तयारी ठेवा.

गाडी कोण चालवणार, हे घरूनच ठरवा

हा मुद्दा मी मुद्दाम लांबवणार आहे. ‘टेस्टिंग म्हणजे घोट-घोट, त्याने काय होतंय’ असं समजून परत गाडी चालवणारे खूप आहेत.

गणित असं. एका टेस्टिंगमध्ये साधारण पाच-सहा वाइन, प्रत्येकी ३० मिलीच्या आसपास. सहा धरल्या तर १८० मिली. वाइनमध्ये अल्कोहोल १३ टक्के धरलं तर पोटात जातं सुमारे २३ मिली, म्हणजे १८ ग्रॅमच्या वर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात या एका टेस्टिंगने आकडा ढोबळमानाने चाळिशीच्या घरात जातो, ५५ किलोच्या बाईच्या रक्तात साठीच्या. भरल्या पोटी थोडा कमी, रिकाम्या पोटी झपाट्याने वर. शरीर तासाला दहा-पंधरा मिलिग्रॅमच खाली आणतं. म्हणजे एका टेस्टिंगनंतर ‘तासभर फिरलो, आता बरं वाटतंय’ याला काही अर्थ नाही. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

उपाय तीन. पहिला आणि सर्वांत चांगला, तिथेच किंवा जवळपास मुक्काम. सुला आणि सोमा दोघांकडे राहायची सोय आहे, व्हॅलोनेकडेही मोजक्या खोल्या आहेत. हंगामात त्या लवकर भरतात. दुसरा, नाशिकमधून दिवसभराची गाडी चालकासह ठरवणं. ॲपवरची टॅक्सी जाताना सहज मिळते. संध्याकाळी वायनरीच्या फाटकाशी उभं राहून परतीची मिळेल याच्या भरवशावर राहू नका. मुंबईहून येणाऱ्यांना शिर्डीची वंदे भारत सोयीची पडते: सकाळी सहाच्या सुमारास सुटते, नऊच्या आसपास नाशिकरोडला पोचते, आणि संध्याकाळी परतीलाही मिळते. वेळापत्रक आणि तिचा सुट्टीचा वार तेवढा तपासा. स्टेशनपासून गंगापूर रस्त्याच्या वायनरी वीसेक किलोमीटरवर आहेत.

तिसरा उपाय, दोघांपैकी एकाने चाखून थुंकायचं. जगभर वाइन पारखणारे हेच करतात आणि त्यासाठी टेबलावर भांडं मागता येतं. चारचौघांत थुंकायचं म्हणजे आपल्याला कसंसंच होतं, हे खरं. पण थुंकूनही तोंडातून थोडं अल्कोहोल जातंच, आणि पाचव्या ग्लासाला ‘ही एवढीच गिळतो’ होतं. त्यामुळे मी हा उपाय तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

त्या दिवशी सकाळी

नाशिकला आलात आणि मिसळ खाल्ली नाही हे पटणारं नाही, मान्य. पण काळ्या मसाल्याचा रस्सा ओरपून तासाभरात सोव्हिन्यॉ ब्लाँसारखी पांढरी वाइन चाखायला बसलात तर तिखटाशिवाय दुसरं काही लागणार नाही. मिसळ साडेआठला, टेस्टिंग अकरा-साडेअकराला, असं बसवा. किंवा मिसळ दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. उपाशी मात्र जाऊ नका.

अकरा ते बारा ही चाखण्याची उत्तम वेळ. जीभ ताजी असते आणि टेस्टिंग रूमही. अत्तर, परफ्यूम, उग्र वासाचं हँडक्रीम त्या दिवशी नको. स्वतःच्याच नव्हे, शेजारच्या टेबलाच्याही वाइनचा वास मारला जातो. टूथपेस्ट, कॉफी, पान, बडीशेप यांच्यापासून तासभर लांब राहा. कपडे काहीही चालतात, साडीसुद्धा. फक्त बागेत चालणार असाल तर टाचांचे सँडल नकोत, पावसाळ्यात तर नकोतच, काळी माती ते सोडत नाही.

आधी फेरी, मग ग्लास

बहुतेक ठिकाणी वायनरीची फेरी आणि टेस्टिंग एकत्र विकतात. शुल्क माणशी असतं आणि कोणत्या वाइन चाखायच्या त्यावर ठरतं. क्रम असा ठेवा की फेरी आधी व्हावी. टाक्या आणि पिंपं बघून आल्यावर ग्लासातलं काय कुठून आलं ते जुळवता येतं.

फेरीत दोन गोष्टींकडे नीट बघा. पहिली, स्टीलच्या टाक्यांभोवतीचं थंड करणारं आवरण. नाशिकच्या उन्हात आंबवण थंड ठेवणं हे इथल्या वाइन करणाऱ्याचं मोठं काम. पांढरी वाइन कमी तापमानाला, साधारण १२ ते १६ अंशांवर सावकाश आंबवतात, म्हणून फळाचा वास टिकतो. लाल वाइन सालींसकट आंबते आणि जास्त तापमानाला, कारण तिचा रंग आणि तुरटपणा सालीतच असतो. पांढऱ्या वाइनसाठी रस आधीच दाबून साली बाजूला काढतात. एवढं एक समजलं तरी समोरच्या निम्म्या चवींचं कारण कळतं. दुसरी गोष्ट, ओकची पिंपं, सहसा २२५ लिटरची. एखादं रिकामं असेल तर वास घेऊ द्या म्हणा. व्हॅनिला, भाजक्या लाकडाचा तो वास थोड्या वेळाने तुम्हाला शिराझ या लाल वाइनमध्ये पुन्हा भेटेल.

फेरीवाल्याला विचारण्याजोगे प्रश्न: द्राक्षं स्वतःच्या बागेतली की करारावरच्या शेतकऱ्यांची? (नाशिकमध्ये दुसरा प्रकारही खूप आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.) यंदा अवकाळीने काय केलं? कोणतं द्राक्ष इथे रुजलं नाही? शेवटच्या प्रश्नाला लोक मोकळेपणाने बोलतात.

वाइनचं द्राक्ष खायच्या द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचं आणि बियांचं असतं. मणी तोडून तोंडात टाकायचा मोह आवरा, फवारणी कधी झाली ते तुम्हाला माहीत नसतं. विचारलंत तर तेच धुतलेला घड आणून देतात.

टेबलावर: काय मागवायचं

पहिल्या भेटीत दोघांनी टेस्टिंगच्या पाच-सहा वाइनचा सारखाच संच घ्या. त्याने एक आणि तिने दुसरा घेतला की प्रत्येक घोट वेगळा, मग तुलना कशाशी करणार? दुसऱ्यांदा जाल तेव्हा एक साधा आणि एक रिझर्व्ह, म्हणजे पिंपात मुरवलेल्या वाइनचा, असे दोन वेगळे संच घेऊन ग्लास अदलाबदल करा. तेव्हा ‘पिंपात ठेवून नेमका काय फरक पडतो’ हे समोरासमोर दिसतं. कमी प्यायचं असेल तर एकच संच दोघांत चालेल का ते विचारा. पंधरा मिली चाखायला पुरतं.

क्रम ठरलेला असतो: फेसाळणारी, पांढरी, रोझे (गुलाबी), लाल, शेवटी गोड. हलकीकडून जडकडे. हा क्रम मोडू नका. शिराझनंतर शेनँ ब्लाँ ही हलकी पांढरी वाइन प्यायलात तर ती पाण्यासारखी लागेल आणि दोष तिच्या माथी जाईल.

वाढणाऱ्याला पहिल्याच ग्लासाला एक प्रश्न विचारा, ‘ही बाटली कधी उघडली?’ आदल्या दिवशी उघडून राहिलेली वाइन शिळी, सपाट लागते. चांगल्या ठिकाणी न कुरकुरता नवी उघडतात. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तरी सांगा. बिघडलेली बाटली ओळखल्याबद्दल कुणी रागावत नाही. तापमानाचंही तसंच. पांढरी ८ ते १२ अंशांवर हवी, लाल १६ ते १८. आपल्याकडे ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम शब्दशः पाळतात आणि एप्रिलमध्ये ती कोमट येते. दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा, बिनधास्त.

घोट

ग्लास दांडीला धरा, पोटाला नको, हाताच्या उबेने वाइन तापते.

आता मुख्य नियम: पहिला एक मिनिट दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. आधी एकाने ‘वा, पेरू!’ म्हटलं की दुसऱ्याला पेरूच लागतो. कागदाचा एक-एक तुकडा घ्या, दोन-तीन शब्द लिहा, मग दाखवा. फोनवर लिहिलंत तर नोटिफिकेशन वाचत बसाल, म्हणून कागद.

शेनँ ब्लाँचा ग्लास धरून सगळं एकदा करून बघू. ग्लास पांढऱ्या रुमालावर तिरका धरा. रंग फिका पेंढ्यासारखा, कडेला जवळजवळ पाणी. आता न हलवता वास घ्या, मग ग्लास टेबलावरच ठेवून गोल फिरवा आणि पुन्हा घ्या. दुसऱ्यांदा वास दुप्पट येतो. शब्द सुचत नसतील तर वासांच्या इंग्रजी चार्टकडे बघू नका. त्यावरची गूजबेरी, लीची, कॅसिस आपल्यापैकी बहुतेकांच्या नाकाला माहीत नसतात. आपल्या बाजारातली नावं द्या: पेरू, पपई, मोसंबी, पिकलं सफरचंद. मग मोठासा घोट घ्या, गिळण्याआधी चार-पाच सेकंद तोंडभर फिरवा, आणि तीन गोष्टी तपासा. जिभेच्या कडांना पाणी सुटतंय का? तो आंबटपणा. गोडी उरते का? नाशिकच्या बऱ्याच शेनँमध्ये थोडी साखर राखलेली असते, आणि नवख्यांना त्या आवडतात त्या त्यामुळेच, यात लाजायचं काही नाही. गिळल्यावर चव किती वेळ राहते? मनात दहापर्यंत मोजा.

सोव्हिन्यॉ ब्लाँला हिरवा वास येतो: ढोबळी मिरची, गवती चहा, ताजं कापलेलं गवत. इथे जोडप्यांत हमखास फाटतं, एकाला ती भलतीच आवडते, दुसऱ्याला भाजीमंडई आठवते. शिराझमध्ये काळी मिरी आणि जांभूळ शोधा, पिंपात ठेवलेली असेल तर लवंग आणि व्हॅनिला. कॅबर्ने या लाल वाइनमध्ये तुरटपणा जास्त. हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडली, कच्चं जांभूळ चावल्यासारखं झालं, की तो टॅनिन. तो दोष नाही. चीजचा तुकडा खाऊन त्याच ग्लासातला पुढचा घोट घ्या, तीच वाइन मऊ झालेली असेल. सबंध टेस्टिंगमध्ये हा एक प्रयोग चुकवू नका.

दोन घोटांच्या मध्ये साधं पाणी आणि कोरडा पाव. मसाला शेंगदाणे, शेझवान काहीतरी, लिंबू पिळलेला चाट हे सगळं टेस्टिंग संपल्यावर.

उरलेली वाइन ओतून द्यायची मुभा असते. पैसे मोजलेत म्हणून आवडली नाही तरी संपवायची, ही आपली ताटात न टाकण्याची शिकवण तिथे बाजूला ठेवा.

शेवटी एक खेळ. दोन लाल ग्लास शिल्लक ठेवा. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने एक-एक हातात द्यायचा, कोणती ते ओळखायचं. मग अदलाबदल. हिंमत असेल तर एक लाल आणि एक गार पांढरी घेऊन करा. जो मघाशी सर्वांत जास्त ज्ञान पाजळत होता त्याचीच विकेट बहुधा आधी पडते.

दोघांपैकी एकजण पीतच नसेल तर

आपल्याकडे हे अगदी नेहमीचं आहे आणि त्याने बेत मोडायचं कारण नाही. न पिणाऱ्याने फेरी करावी, नाकाने वास घ्यावा (निम्मी पारख नाकाचीच असते), कागदावर वासाचे शब्द लिहावेत. न पिणाऱ्याचं नाक पाचव्या ग्लासालाही तल्लख असतं, त्यामुळे त्याची किंवा तिची यादी पुष्कळदा चांगली निघते. शुल्क फक्त फेरीचं घेता येईल का ते आधी विचारा. ‘एक घोट घे गं, काही होत नाही’ हा आग्रह मात्र नको. गरोदर असेल, औषधं चालू असतील, उपवास असेल किंवा नुसतंच नको असेल, कारण सांगायची वेळ त्या माणसावर आणू नये.

जेवण

टेस्टिंगनंतर, आधी नाही. दोघांना सर्वांत आवडलेली एक वाइन ग्लासाने मागवा आणि तिच्याभोवती जेवण ठरवा. बाटली मागवायचा मोह होईल, पण टेस्टिंगवर ७५० मिलीची बाटली दोघांत म्हणजे दुपारची झोप नक्की. मुक्काम असेल तर संध्याकाळी मागवा.

काय विकत घ्यायचं

बाहेर पडताना दुकानातूनच जावं लागतं. इथे कागद उपयोगी पडतो. दोघांच्या कागदावर बरा शेरा असलेली बाटली घ्या, आणि शिवाय प्रत्येकाच्या हट्टाची एक-एक. जी वाइन तुमच्या गावातल्या दुकानात सहज मिळते ती इथून ओझं करून नेण्यात अर्थ नाही, किमतीत फार फरक नसतो. थोड्या प्रमाणात केलेल्या, फक्त वायनरीतच विकल्या जाणाऱ्या बाटल्या विचारा. लेबलवरचं साल बघा. पांढरी आणि रोझे ताजीच चांगली, गेल्या एक-दोन हंगामांतली. ‘जुनी तेवढी भारी’ हे मोजक्या लाल वाइनपुरतंच खरं. आणि फिरकीचं झाकण दिसलं म्हणून नाक मुरडू नका. सुलाने ते आपल्याकडे रुळवलं, आणि आपल्या हवेत ते बुचापेक्षा भरवशाचं ठरतं.

बिल सांभाळून ठेवा. बाटल्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, मार्च-एप्रिलमध्ये दोन तासांत वाइन शिजते. मागच्या सीटखाली, ओल्या टॉवेलात गुंडाळून न्या. पेठ किंवा सापुताऱ्याच्या रस्त्याने गुजरातेत जाणार असाल तर एकही बाटली घेऊ नका, तिथे दारूबंदी आहे आणि सीमेवर तपासणी होते.

घरी आल्यावर बाटली फ्रिजवर किंवा ओट्याशेजारी ठेवू नका, घरातला सर्वांत गार, अंधारा कोपरा शोधा. बेडरूममधल्या कपाटाचा तळ बरा. उघडलेली बाटली, लाल असो वा पांढरी, झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, फेसाळणारी दुसऱ्या दिवसापर्यंतच. आणि ती उघडायला पाश्चात्त्य जेवणाची वाट बघू नका. शेनँबरोबर कोथिंबीर वडी किंवा सुरळीची वडी, फेसाळणारीबरोबर गरम बटाटेवडा (तळणीवर ती विशेष खुलते), शिराझबरोबर सुकं मटण, मात्र तिखट बेताचं. झणझणीत रश्श्याबरोबर तुरट लाल वाइन तोंडात आणखी जाळ करते. तिथे थोडी गोडसर शेनँच काढा.